साक्षीदाराची सही

मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी बारा वर्षे ‘पालकाची सही’ या छापील शब्दांपुढे सही करीत आलो. ती इतक्या सवयीने होत असे की, वर काय छापले आहे हे मी कधी वाचलेही नाही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याने एका व्यावसायिक कबड्डी संघाशी करार केला. त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. म्हणून करारावर सही करण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा होता. त्याने प्रत्येक पानावर सही केली. मग संघाच्या कार्यालयातील तरुण गृहस्थांनी तो कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. तेथे इंग्रजीत ‘साक्षीदार’ या अर्थाचा शब्द होता. त्या दिवशी मात्र मी तो वाचला.

भाषाविज्ञान शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला एक खोड जडते. अडचणीच्या प्रसंगी तो प्रसंगाकडे न पाहता शब्दांकडे पाहू लागतो. मला वाटते, ती एक पळवाट असते. मुलाने पहिल्यांदा ‘बाबा, मला प्रोफेशनल व्हायचंय’ असे सांगितले, तेव्हा त्याला काय म्हणावयाचे आहे याचा विचार करण्याऐवजी मी या शब्दाला मराठीत काय म्हणावे याचा विचार करीत बसलो. आमच्या तरुणपणी ‘धंदेवाईक’ हा शब्द प्रचारात होता आणि तो जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. धंदेवाईक नाटक, धंदेवाईक लेखक असे म्हटले की नाक थोडे मुरडलेले असे. त्याच्या उलट ‘हौशी’ म्हणजे निर्मळ, निःस्वार्थी. वास्तविक ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. हिंदीत तो अजूनही वासनेच्या अर्थाने वावरतो. मराठीत येऊन तो सोज्ज्वळ झाला, लग्नकार्यात आणि डोहाळजेवणात मिरवू लागला. आणि ज्या ‘व्यवसाय’ शब्दाला आपण पैशांशी जोडतो, त्याचा संस्कृतातील अर्थ निश्चय असा आहे. गीतेत तो याच अर्थाने येतो. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने पाहिले, तर वासना हौशी खेळाडूची आणि निश्चय व्यावसायिकाचा! हे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितले. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘म्हणजे तुमची परवानगी आहे का नाही?’’

परवानगी नव्हती. ती का नव्हती हे तुम्हांला कळावयाचे, तर माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली पाहिजे.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. 1981 मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले, पण आमच्या आईच्या तोंडी शेवटपर्यंत कुलाबाच राहिले. या भागात कबड्डीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. भात झोडून झाले की रिकाम्या शेतात मैदान आखायचे, माती चाळून, पाणी मारून, चोपून घट्ट करावयाची, आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने. दादा डाव्या कोपऱ्यावर खेळे. एकोणिसाव्या वर्षी तो मुंबईस गेला आणि लालबागेत गाववाल्यांच्या खोलीत राहू लागला. वीस माणसांची खोली, पाळीपाळीने झोपणे आणि खानावळीतले जेवण. गिरणीत तो आधी बदली कामगार होता. पण गिरणीच्या कबड्डी संघात त्याची निवड झाली आणि त्याच बळावर साचा खात्यात तो कायम झाला. ज्या काळात सामन्याचे मानधन म्हणजे वडापाव आणि चहा असे, त्या काळात खेळाने माणसाला नोकरी लावली, ही आमच्या घरात दिवाळीएवढी मोठी गोष्ट होती. पुढे रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी कबड्डीपटूंचे संसार असेच उभे केले. खेळ हौशी, पोट मात्र नोकरीवर. ही ती व्यवस्था.

दादाचा गुडघा 1981 च्या पावसाळ्यात गेला. चढाईला आलेल्याचा घोटा त्याने पकडला होता आणि तो गडी त्याच्या पायावर पडला. गुडघ्याची वाटी सरकली, गावठी उपाय झाले, वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही. तरी नोकरी होती. मग 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर माणसेही विरत गेली. दादाने वर्षभर वाट पाहिली आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन तो गावी आला. तिच्यात दोन विजारी, एक चादर आणि संघाचा ढालीसह काढलेला फोटो होता. पुढे तो शेजारच्या गावात भातगिरणीवर हिशेब लिहू लागला. ‘आपली गिरणी काय सुटत नाही’ असे तोच हसून म्हणे.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि मलाही कोपऱ्यावर उभे राहावयाचे होते. आईने माझे मैदान बंद केले. तिने आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी दिवा लागला की ती माझ्यासमोर पुस्तक आणून ठेवी आणि दारात बसून राही. माझ्या डॉक्टरेटचे मूळ दादाच्या गुडघ्यात आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. त्यांना तो विनोद वाटतो.

मुलाला कबड्डी दादाने शिकवली. हे माझ्या नकळत झाले असे मी बरीच वर्षे सांगत आलो. पण ते खरे नाही. दर सुट्टीत तो गावी जात असे आणि घोट्यावर ओरखडे घेऊन परतत असे, ते मला दिसत होते. दादा अंगणात खुर्ची टाकून बसे, दुखरा पाय समोरच्या स्टुलावर, आणि तेथून ओरडे, ‘‘त्याच्या तोंडाकडं काय बघतोस? कंबर बघ. तोंड फसवतं, कंबर नाही फसवत.’’ कोपरारक्षकाचे सगळे शास्त्र या वाक्यात आहे, हे मला फार उशिरा कळले.

तुमच्यापैकी काहींनी हा खेळ अंगणातच पाहिला असेल, म्हणून थोडे सांगतो. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदान, दोन्ही बाजूंस सात-सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाईस तीस सेकंद. ‘कबड्डी कबड्डी’ असा स्पष्ट दम घेत एक खेळाडू प्रतिपक्षाच्या अंगणात जातो, कोणाला तरी शिवतो आणि मध्यरेषेपलीकडे परत येतो. किंवा येत नाही. टाळ्या पडतात त्या चढाईपटूला. कोपऱ्यावरचा खेळाडू बहुतेक वेळ नुसता उभा असतो. गुडघ्यात वाकलेला, हात सैल, शेजाऱ्याशी बोटे गुंफलेली. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, हुलकावणी देतो, मागे सरतो, आणि हा उभाच. मग एका क्षणी तो खाली झेपावतो आणि घोटा धरतो. ती झेप अर्धा क्षण आधी पडली तर गुण गेला. अर्धा क्षण नंतर पडली तरी गुण गेला. उतावळा माणूस कोपऱ्यावर टिकत नाही. माझा मुलगा घरात अत्यंत उतावळा आहे; चहा निवेपर्यंतही त्याला धीर नसतो. मैदानावर मी जो मुलगा पाहिला तो कोणी निराळाच होता. आपल्या मुलाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे, या समजुतीला माझ्या बाबतीत तेथे पहिला तडा गेला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही पुस्तिका मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. हाच खेळ आपण ‘हुतुतू’ म्हणत असू. तमिळनाडूत तो ‘सडुगुडु’, आंध्रात ‘चेडुगुडु’, बंगालात ‘हाडुडु’. ही सगळी नावे म्हणजे दम घेताना उच्चारले जाणारे शब्द आहेत. माझा एक आवडता तर्क असा : ‘हुतुतू’ म्हणताना ‘ह’बरोबर हवा मोकळी सुटते, ‘त’ तर अघोषच. ‘कबड्डी’त मात्र ‘ब’ आणि द्वित्त ‘ड्ड’ हे घोष वर्ण आहेत. स्वरतंतू जवळ येऊन कंप पावतात, हवेचा प्रवाह आखडतो आणि ‘ड्ड’पाशी तर वाट क्षणभर पुरती बंद होते. म्हणजे ‘कबड्डी’ हा शब्द श्वास जपून खर्च करतो. हे मी मुलाला तो दहावीत असताना कागदावर आकृती काढून समजावले होते. तो म्हणाला, ‘‘बाबा, पंचाला ऐकू आलं म्हणजे झालं.’’

तर करार. 2014 च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या खेळाचे अर्थशास्त्र पाहता पाहता पालटले. पहिल्या वर्षी सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली : बारा लाख ऐंशी हजार रुपये. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतसाठी दोन कोटी साठ लाख पन्नास हजार मोजले गेले. हे आकडे वर्तमानपत्रात मोठ्या टायपात येतात आणि गावोगावच्या मुलांना तोंडपाठ असतात. त्याखालच्या रांगेतील शेकडो मुलांचे आकडे कोणी छापत नाही. माझा मुलगा त्या रांगेतला आहे. मोठ्या लिलावाच्या आधीची एक पायरी असते. तीत संघ चाचण्या घेऊन नवी तरुण मुले निवडतात आणि त्यांच्याशी थेट करार करतात. लिलाव पुढे, टिकलात तर.

तो ‘लिलाव’ शब्द मात्र माझ्या कानांतून जाईना. लहानपणी मी तो दोनच संदर्भांत ऐकला होता : कर्ज थकलेल्या शेतकऱ्याची जमीन आणि मेलेल्या माणसाचे सामान. शब्द पोर्तुगीज. ‘लेइलांव’वरून आपण तो केला, ‘पगार’ही त्याच भाषेतून आलेला. एकाच गलबतातून उतरलेले हे दोन शब्द. दादाच्या पिढीला खेळाने पगार दिला, माझ्या मुलाच्या पिढीपुढे लिलाव ठेवला. ‘‘पुढच्या दोन वर्षांत लिलावात जायचंय’’ असे तो आनंदाने सांगे, तेव्हा त्याच्या आईच्या चेहऱ्यावर मला माझ्या आईचा चेहरा दिसे. चाचणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मुलांची लांब रांग होती. प्रत्येकाला काट्यावर उभे करून वजन लिहून घेत होते. कोणी तरी खांदे चाचपले, गुडघे वाकवून पाहिले. आमच्याकडच्या बैलबाजाराची मला आठवण झाली आणि मी फाटकाबाहेर येऊन उभा राहिलो. खोटे कशाला बोलू, त्याची निवड होऊ नये असे मला त्या दुपारी वाटत होते. बापाने असे वाटून घ्यावे काय, हा प्रश्न मी अद्याप सोडविलेला नाही.

निवड झाली. घरात चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी मी गावी गेलो आणि दादाला म्हणालो, ‘‘तूच सांग त्याला. तुझं तो ऐकेल. गुडघा दाखव त्याला तुझा.’’

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘गुडघा त्यानं पाहिलाय. दहा वर्षं तेल तोच लावतोय, तू नाही.’’ आणि थोडे थांबून, ‘‘मला सहा वर्षं मिळाली. ती मी कुणाला परत देणार नाही. संप झाला तो खेळामुळं नाही झाला.’’

दादाच्या आयुष्याची गोष्ट मी चाळीस वर्षे एका विशिष्ट रीतीने सांगत आलो होतो. तिचा कर्ता कर्मच होऊन बसला होता. दादाला कोणी विचारले नव्हते. आईनेही नाही, मीही नाही.

मी परत आलो आणि अटी घातल्या. पहिली, करार सही करण्यापूर्वी मी वाचणार. दुसरी, पदवी पुरी करावयाची. रोज वर्गात बसणे शक्य नाही, तर मुक्त विद्यापीठातून. करार मी तीन रात्री वाचला. दुखापतीसंबंधीच्या कलमापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. दुखापतीच्या काळात उपचाराचा खर्च कोणी करावयाचा हे स्पष्ट होते. करार संपल्यानंतर तीच दुखापत पुन्हा उलटली तर काय, याविषयी मौन होते. भाषाशास्त्रज्ञाला मौनही वाचता येते, पण त्यावर सही घेता येत नाही. मी एक वाक्य वाढवून मागितले. कार्यालयातील ते गृहस्थ अदबीने म्हणाले, ‘‘सर, सगळ्यांचा करार एकच असतो.’’ मुलाने टेबलाखालून माझा हात दाबला. तो धीर देण्यासाठी होता की गप्प बसविण्यासाठी, हे मी विचारले नाही. मी साक्षीदाराच्या जागी सही केली. नंतर एक वेगळा विमा उतरविला. त्याचा हप्ता मी भरतो.

या पुस्तिकेच्या वाचकांत म्हणूनच एक वाचक असा आहे, ज्याला मी ओळखतो. तुम्ही नोकरी, शेती, संसार सांभाळून ज्या स्वाध्यायांशी झगडता, त्याच स्वाध्यायांशी तो सराव शिबिरात झगडतो. हे लिहिण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली. ‘‘काकांची घ्या, माझं काय,’’ तो म्हणाला. दादाचीही घेतली आहे.

शिबिर उत्तरेकडील एका राज्यात होते. सकाळी पाचला उठणे, धावणे, वजने उचलणे, मॅटवर सराव, दुपारी झोप, पुन्हा सराव, संध्याकाळी जुन्या सामन्यांच्या चित्रफिती. मॅटवर बूट घालून खेळतात, हे दादाला अजूनही पटलेले नाही. मातीवर पाय थोडा सरकतो, मॅटवर तो जागच्या जागी अडतो. खेळाचा वेगही त्यामुळे वाढला आहे. मुलाला पहिला महिना जड गेला. संघात हरियाणवी बोलणारे अधिक, काही तमिळ, एक इराणी. याला ना हरियाणवी कळे ना तमिळ. पहिल्या आठवड्यात त्याने घरी तीनच वाक्ये सांगितली : जेवण बरे आहे, पाय दुखतात, आईला दे.

मग एका रात्री साडेनऊला फोन आला, तो माझ्यासाठी. ‘‘बाबा, तुमच्यासाठी एक शब्द आहे. तो इराणचा आहे ना, त्याला मी सांगत होतो की चढाईत दम लागतो. तर त्याला ‘दम’ कळलं! म्हणाला, आमच्याकडेपण दम म्हणजे श्वास. रोज बोलताना ते ‘नफस’ म्हणतात, पण ‘दम’ कळतो.’’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, हे मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. मी ते त्याला सांगितले नाही. ‘‘असं का?’’ एवढेच म्हणालो, आणि त्याला बोलू दिले.

हंगामभर तो बहुतेक राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. दूरदर्शन संचावर आम्ही त्याला शोधत असू. कधी पाणी देताना, कधी टॉवेल धरताना तो दिसे. आई त्याला तेवढे पाहून समाधान पावे. मला बाकावरच्या मुलाचे गुडघे सुरक्षित आहेत असे वाटे, आणि असे वाटल्याची लाजही वाटे. एका सामन्यात शेवटची चार मिनिटे उरली असता, संघ बऱ्याच गुणांनी मागे असताना, त्याला डाव्या कोपऱ्यावर उतरविले. पहिल्या दोन चढाया त्याच्याकडे फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या चढाईत समोरच्या अनुभवी खेळाडूने पाय पुढे टाकला, मुलगा झेपावला, पाय तेथे नव्हता. तो उठला, अंगावरचे काही झटकण्यासारखे हात फिरवले (मॅटवर धूळ नसते, ती सवय गावच्या मातीतली), आणि बाहेर गेला. आमच्या दिवाणखान्यात कोणी बोलले नाही. त्याच्या आईने उठून चहा ठेवला.

मी दादाला फोन केला. भातगिरणीच्या मालकाने खास मोठा संच लावून सगळ्यांना बसविले होते. मागून माणसांचा कालवा ऐकू येत होता.

‘‘पाहिलंस?’’

‘‘पाहिलं. घाई केली.’’

‘‘एवढंच?’’

‘‘आणखी काय असतं? तोंडाकडं बघितलं त्यानं.’’

रात्री अकराच्या सुमारास मुलाचा फोन आला. त्याने मला काही विचारले नाही. पहिला प्रश्न, ‘‘काकांनी बघितलं? काय म्हणाले?’’ मी दोन्ही वाक्ये जशीच्या तशी सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, ‘‘बरोबर आहे. अर्धं पाऊल आधी गेलो.’’ आवाज कोरडा होता, पण मोडलेला नव्हता. मी गुडघ्याचे विचारले. ठीक आहे म्हणाला. मग त्याने विचारले की स्वाध्याय अभ्यासकेंद्रावर पोहोचविण्याची शेवटची तारीख कोणती, आणि दुसऱ्या स्वाध्यायातील व्युत्पत्तीच्या प्रश्नात ‘दम’ हा शब्द घेतला तर चालेल का.

मी म्हणालो, समंत्रकांना विचार.